चौगुल्यांची राहिलेली सोयरीक

सरकारी बैठकीचं आमंत्रण अक्षता देऊन करणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे चौगुले साहेब.

मी कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत संगणक सांभाळायचो आणि चौगुले माझे वरिष्ठ. सगळ्या खात्यांचे संगणक एकमेकांना जोडायचे, म्हणजे लोकांना एकच कागद दहा ठिकाणी द्यावा लागणार नाही, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं होतं. पण प्रत्येक खात्याला वाटायचं, खरी माहिती आपल्याकडेच आहे. बाकीच्यांनी ती येऊन मागावी, तीही अर्ज करून.

पहिल्या बैठकीची पत्रं रीतसर गेली. आले दोघे, त्यातला एक दार चुकून. दुसऱ्या वेळी चौगुले हळदीच्या अक्षतांची पुडी खिशात घालून स्वतः फिरले. प्रत्येक खात्याच्या साहेबाच्या टेबलावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचे, "पावणं, मंगळवारी अकराला यायला लागतंय. घरचं कार्य हाय." मंगळवारी खुर्च्या कमी पडल्या.

"देसाई," ते मला म्हणाले, "खाती म्हंजे सोयरी. आदी मानपान, मग वायर."

मानपान त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला. कुणाचं नाव आधी लिहायचं यावर दोन खाती तीन महिने अडून बसली, तेव्हा त्यांनी कागद गोल कापला आणि नावं कडेनं लिहिली. दोन्ही साहेबांनी तो फिरवून पाहिला आणि आपलंच नाव वर आहे असं मानून सही केली.

त्यांच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता होता. खात्यांच्या नावांवर खिळे. दोन खाती जोडली गेली, की चौगुले खुर्चीवर चढून दोन खिळ्यांना लाल दोरा बांधायचे आणि आम्हा सगळ्यांना पेढा द्यायचे. वर्षभरात तक्ता भरला. एक दोरा तेवढा राहिला : मृत्यूची नोंद आणि आरोग्य खातं.

गंमत अशी, की ही दोन्ही खाती तयार होती. नोंदणीवाले पाटील दर आठवड्याला येऊन विचारायचे, "साहेब, आमचं लगीन कवा लावतासा?"

"मुहूर्त न्हाय."

"पोरगी म्हातारी व्हायला लागली की."

"हू दे."

आमच्या कचेरीत यावर बरेच तर्क झाले. माझा तर्क सर्वांत हुशार होता, म्हणजे सर्वांत चुकीचा : काम संपलं तर खुर्ची जाईल म्हणून साहेब लांबवताहेत.

मग एके दिवशी शाहूवाडीकडची एक म्हातारी आली. नवरा जाऊन वर्ष झालेलं. आरोग्य खात्याकडून मात्र रक्तदाब तपासायला त्याला अजून फोनवर निरोप येत होता. मृत्यूचा दाखला घेऊन तिचा हा तिसरा हेलपाटा.

"साहेब," ती म्हणाली, "मेलेल्या मान्साला किती हाका मारतायसा? निरोप आला की काळजात चर्र हुतंय."

चौगुल्यांनी तिला बसवलं, चहा दिला. एसटीपर्यंत स्वतः सोडून आले. परत आल्यावर खुर्चीवर चढले आणि दोरा बांधला. अक्षता नाहीत, पेढा नाही. मला म्हणाले, "आजच जोडा. सगळी जुनी नावंबी आत घ्या."

जुनी नावं आत घेताना यादीत मला एक नाव दिसलं : इंदुमती चौगुले. त्यांच्या पत्नी. जाऊन चार वर्षं झाली होती. नोंद चौगुल्यांनीच केलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिची शुगर तपासायचा निरोप येतोय अजून," ते म्हणाले. "दर एक तारखेला, अकराला. मीच न्यायचो तिला. नंतर तिचा फोन चालू ठेवला, एवढंच." मग म्हणाले, "त्या म्हातारीला तरास हुतोय. मला हुत न्हवता. म्हणून काय जोडायचं न्हाय?"

पुढच्या एक तारखेला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. टेबलावर बटणांचा जुना फोन ठेवला. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मी समोर फायलीत उगीच काहीतरी शोधत होतो.

साडेअकराला त्यांनी फोन उचलला, चार्जरला लावला आणि खणात ठेवला.

"देसाई," ते म्हणाले, "जोडणी बरोबर चालतीया. तसं लिवून ठेवा."