कॅमेऱ्याला पाय दिसू नये म्हणून

मेस्त्रींना लेकीपासून एकच गोष्ट लपवायची होती, आणि ती गुडघ्यापर्यंत पांढरीशुभ्र होती. शिडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये गेला होता. लेक दूरच्या शहरात, नव्या नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये. "तिला कळलं तर सगळं टाकून धावत येईल. तू अवाक्षर काढायचं नाहीस," त्यांनी बायकोला बजावले. बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असूनही बजावले.

अशात लेकीचे पार्सल आले. घरातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरसाठी मेमरीची पट्टी आणि कॅमेरा. "बाबा, रविवारी तोंड बघून बोलू," ती म्हणाली. मेस्त्रींनी विचार केला, कॅमेरा स्क्रीनच्या डोक्यावर, पाय टेबलाखाली. मग काय, कामाला लागले.

रविवारी टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा बाहेर ओढून उघडला, पट्टी बसवली, बटण दाबले. कॉम्प्युटर नुसता टूं टूं करून बोंबलायला लागला. लेकीला फोन गेला.

"बाबा, नीट दाबलीत ना? कट्ट आवाज यायला हवा."

"दाबू? अगं, जन्म गेला माझा गॅरेजमध्ये. जोर लावला की स्क्रूचे आटे जातात, हे सांगून सांगून घसा बसलाय!"

"तिथे आटे नाहीत हो. दाबा!"

मेस्त्रींनी डोळे मिटून दाबली. कट्ट! कॉम्प्युटर गुणी बाळासारखा सुरू झाला.

डबा परत टेबलाखाली ढकलल्यावर आठवले, कॅमेरा राहिलाच. त्याची वायर लावायची पुढची खाच कधीच मोडलेली, धड असलेली मागे, भिंतीकडे.

"अहो, मी वाकते."

"तुला खाच कळायची नाही," म्हणत मेस्त्री प्लास्टरसकट टेबलाखाली शिरले. वायर लागली, पण पाय डबा आणि टेबलाच्या मध्ये पक्का अडकला. नेमकी तेव्हाच वर घंटी वाजू लागली.

"तिचाच कॉल! घेऊ का?"

"घे! मी अंघोळीला गेलोय म्हणून सांग!"

मेस्त्रीबाईंनी बटण दाबले. लेकीचा आवाज घरभर घुमला. "आई, बाबा कुठेत?"

"अंघोळीला गेलेत."

"टेबलाखाली?"

कॅमेरा मेस्त्रींच्या मुठीतच होता, आणि त्याचे तोंड प्लास्टरकडे.

"आई, तूच म्हणालीस ना, पार्सल पाठव, म्हणजे हे एका जागी बसतील? डॉक्टरांनी हलू नका म्हटलंय, आणि बाबा रांगतायत!"

मेस्त्रींनी कॅमेरा सावकाश स्वतःच्या तोंडाकडे वळवला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आली का नाहीस?"

तोंडातून निघून गेले खरे. टेबलाखाली त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वर बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"तुम्ही एवढं लपवत होतात, बाबा. मला वाटलं, मी आले तर तुम्हाला वाईट वाटेल." लेकीनेही नाक ओढले. "शनिवारी येऊ?"

"काही नको! ट्रेनिंग बुडवायचं नाही. ठणठणीत आहे मी," मेस्त्री टेबलाखालून गरजले. मग हळूच म्हणाले, "पहिलीच गाडी पकड. म्हणजे जेवायला पोचशील."