निळा कोट

लियेसने बापाचा कोट दान करून टाकला, आणि हे त्याच्या आईला कॉफी पिताना कळलं.

"कुठला कोट?" वर्दियाने विचारलं.

"तो निळा. फाटका. बाबांचे बाकीचे कपडे मशिदीच्या पोत्यात घातले, त्यातच गेला. तूच म्हणालीस ना, देऊन टाक?"

"अरे, सूट दे म्हटलं होतं! सूट त्यांनी जन्मात अंगाला लावला नाही!"

लियेसचीही फार चूक नव्हती. तो रॅप ऐकणारा. त्याच्या लेखी कपडे म्हणजे टोपीवाला स्वेटर आणि आणखी दोघं मावतील अशी विजार. बाप बूआलेम शाबीचा, म्हणजे इथल्या जुन्या लोकगाण्याचा, वेडा. आणि अल्जिअर्सच्या आमच्या चढावरच्या वस्तीत शाबी ऐकणारा माणूस निळाच कोट घालतो, गोदी कामगारांचा, जाड सुती. मग तो हमाल असो की पोस्टातला साहेब. टाय लावून शाबीला बसणं म्हणजे बूट घालून अंथरुणात शिरणं. बापलेकांची भांडणं यावरूनच व्हायची. "जसं गाणं तसं सोंग," असं बाप लेकाला म्हणायचा आणि लेक बापाला.

पोतं केव्हाच गेलं होतं. वर्दिया ओरडली नाही, रडलीही नाही. नवरा गेला तेव्हाही आल्यागेल्यांचं करता करता तिचं रडायचं राहूनच गेलं होतं. आता ती रिकाम्या खुंटीकडे बघत बसली आणि जेवेना. लियेस घाबरला. त्याने कॉफीच्या दुकानात जाऊन बापाच्या मित्रांना एकेकट्याला गाठलं.

"काका, बाबांचा कोट कुणाच्या अंगावर दिसला तर सांगा. आईने अन्न सोडलंय."

संध्याकाळी लठ्ठ मेझियान धापा टाकत जिना चढून आला. "वहिनी, बूआलेमचा कोट. माझ्याकडेच राहिला होता बघा."

कोट अजून अंगाच्या उबेने गरम होता. बूआलेम काडीपैलवान, त्यात दोनदा मावला असता. लियेसने तोंड उघडलं, तशी आईने डोळे वटारले.

"हाच तो," वर्दिया म्हणाली. "देव तुमचं भलं करो, भावजी."

मेझियानने हे कुणाला सांगितलं नाही. म्हणून सकाळी बुटका दहमान आला. "वहिनी, सापडला बरं का!" या कोटाच्या बाह्या बूआलेमच्या जेमतेम कोपराखाली पोचल्या असत्या.

"हाच तो, भावजी."

दुपारी मंडोल वाजवणारा कादूर आला. त्याच्या कोटाच्या खिशात त्याचाच चष्मा निघाला.

"हाच तो," वर्दिया म्हणाली. "चष्मा तेवढा त्यांचा नव्हे."

शुक्रवारी कॉफीच्या दुकानात शाबीची बैठक, आणि काय थाट! मेझियान जावयाच्या सुटात, टायसकट. दहमान नातवाच्या फुटबॉलच्या जर्सीत. कादूर बायकोच्या लोकरी जाकिटात.

"कोट धुवायला टाकलाय," मेझियान म्हणाला.

"माझाही," दहमान म्हणाला. पुढे कुणी कुणाला विचारलं नाही. गाणं काही बसेना. "या जाकिटात हात चालत नाही," म्हणून कादूरने मंडोल खाली ठेवलं.

लियेसने हे बघितलं आणि तडक घर गाठलं. "आई, यातला बाबांचा कुठला?"

"एकही नाही."

"मग घेतलेस कशाला?"

"म्हातारी माणसं एवढा जिना चढून आली, बाळा. नाही कसं म्हणू? जा, देऊन ये. गारठली असतील."

सगळे कोट हातांत मावेनात, म्हणून त्यातल्या त्यात बरा बसणारा कादूरचा त्याने अंगात चढवला आणि तो निघाला. वर्दियाने खिडकी उघडली. गल्लीच्या पायऱ्यांवरून एक निळी पाठ, ओझ्याने जराशी वाकलेली, सावकाश उतरत होती.

"अहो!" तिने हाक मारली. "येताना पाव आणा!"

लग्नापासून रोज मारलेली हाक. तोंडातून गेल्यावर तिला कळलं, आणि ती खिडकीची चौकट धरून रडायला लागली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

लियेस थांबला. वळला असता तर तिला चेहरा दिसला असता. "आणतो," तो पाठमोराच, हळू आवाजात म्हणाला, आणि कोट सावरत आधी पाववाल्याकडे गेला.