कोमट झाडाची चोरी

"मुंगीने रात्री कूस बदलली तरी सकाळी मला कळतं," असं हेरसर सांगत. शाळेत ते कवायत शिकवायचे, पण तो म्हणे नुसता बुरखा होता. आपल्या मेंदूला पोलीसखातंसुद्धा वचकून असतं, फक्त त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही, एवढंच! चित्रकलेच्या बाईंना त्यांनी परस्पर सहायक नेमून टाकलं होतं. बाईंनी चक्क नाही म्हटलं, तर तो विनय समजून त्यांनी बाईंचं कौतुक केलं.

शाळेचं निसर्गशिबिर रानात मुक्कामाला आलं होतं. तिथल्या शिबिरताईंचा एक खेळ होता. डोळ्यांवर पट्टी बांधून, दोरी धरून चालायचं आणि हाताला पहिलं लागेल ते झाड आपलं. ते चाचपायचं, हुंगायचं, मिठी मारायची आणि परत फिरायचं. मग पट्टी काढून तेच झाड शोधायचं आणि त्यावर आपल्या नावाची पाटी अडकवायची. झाडाची ख्यालीखुशाली ताई पुढे वर्षभर कळवायच्या.

सगळ्यांच्या पाट्या लागल्या. शाळेत नवीन आलेली चिमणी तेवढी पाटी छातीशी धरून रडत होती.

"माझं झाडच नाहीये!"

"थापाडी!" पोरं ओरडली. चिमणीशी आधीच कुणी बोलत नव्हतं, त्यात हे. जेवणं झाली की बस निघणार होती.

हेरसरांचे मात्र डोळे लकाकले. "झाडाची चोरी! वर्णन सांग."

"खरखरीत होतं. वर पानं सळसळत होती. आणि... कोमट होतं."

"कोमट! म्हणजे वणवा लावणारी टोळी."

"बामचा वास येत होता."

"निलगिरी!"

"इथे एकही निलगिरी नाही हो," शिबिरताई म्हणाल्या.

"कशी असेल? होती ती चोरली ना!"

"अहो, झाड उपटलं तर खड्डा नको का पडायला?"

"चोर सराईत आहे, ताई. खड्डाही घेऊन गेला."

"आतून गुडगुडत होतं," चिमणी हुंदके देत म्हणाली.

"पोकळ खोड! खाली भुयार!" हेरसरांनी जमिनीला कान लावला आणि कानात मुंगळा घेऊन उठले.

कान चोळत ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी एक भानगड आहे. रानात चॉकलेटचे कागद टाकणाऱ्याला पकडायला मी सकाळी गोणपाट गुंडाळून, डोक्यावर पालापाचोळा खोवून, डोळे मिटून उभा होतो."

"डोळे मिटून?"

"उघडे डोळे चमकतात, बाई. तेवढ्यात कुणीतरी माझी झडती घेतली! मी श्वास रोखला. त्या बदमाशाने माझ्या पोटाला कान लावला, मला मिठी मारली आणि पसार! अर्थात, या दोन प्रकरणांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या तोंड उघडणार, तोच मागे उभी राहून सगळं ऐकणारी चिमणी पुढे आली. तिने डोळे गच्च मिटले आणि हेरसरांच्या ढेरीला मिठी मारली. त्यांच्या गुडघ्याला चोपडलेला बाम घमघमत होता. जेवणाची वेळ झाली होती, त्यामुळे पोट वेळेवर गुडगुडलं.

"हेच!" चिमणी किंचाळली. "हेच माझं झाड!"

पोरं हसून हसून गडाबडा लोळली. हेरसरांचा चेहरा पडला. "अशक्य! तपास करणारा मी, आणि मुद्देमालही मीच?" ते पुढेही काही बोलणार होते. पण चिमणीने पाटी वर धरली होती आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. हेरसरांनी खाली वाकून मान पुढे केली आणि पाटी गळ्यात पडताच दोन्ही हात फांद्यांसारखे पसरून उभे राहिले. बाईंना पहिल्यांदाच त्यांचं मनापासून कौतुक वाटलं.

लोळणारी पोरं उठून बसली. एक म्हणाला, "ए, आपली झाडं नुसतीच उभी आहेत." दुसरा तर सरळ आपल्या झाडावरची पाटी काढून आणायला धावला. बघता बघता सगळी गर्दी हेरसरांभोवती जमली.

"थांबा!" डोळे पुसत चिमणी मधे उभी राहिली. "आधी मला विचारायचं. झाड माझं आहे."