वानखेडे काकांचं आरमार

आमच्या शेजारच्या वानखेडे काकांकडे चहाला गेलं की कप हातातच धरून बसावं लागतं. टेबलावर आरमार असतं. पिस्त्याच्या टरफलांचं. साधी टरफलं ग्रीकांची, हळदीनं रंगवलेली त्यांच्या शत्रूची, कार्थेजची. अडीच हजार वर्षांपूर्वी कॉर्सिका बेटाजवळ झालेली लढाई काका रोज नव्यानं लढतात. स्वतः मूळचे वर्ध्याचे, जन्मभर दिल्लीत सरकारी नोकरी; समुद्रात घोट्याच्या वर कधी उतरले नाहीत. पण लिफ्ट अडकली की आतून गरजतात, "वल्ही सोडू नका!" आमच्या नोएडातल्या सोसायटीचा गार्डही आता लिफ्टला 'वल्ही' म्हणतो.

मध्यंतरी काकूंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशातून निघालेला, अजून विमानात. म्हणून हॉस्पिटलात सोबत मी. काकूंना आत नेलं, दार बंद झालं, आणि काकांनी खिशातून मूठभर टरफलं काढून बाकावर मांडली.

"काका, इथे?"

"नेहा, समोर दुप्पट जहाजं. पळायला जागा नाही."

बाकावर हरियाणातल्या मानेसरचे एक वयस्कर ताऊ बसले होते. त्यांचा भाऊही आत होता. ते सरकून जवळ आले. "फिर, अंकल?"

काका ग्रीकांना पुढे सरकवू लागले. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ केव्हाच उलटली होती. एवढ्यात एक नर्स रक्ताची पिशवी घेऊन धावत आत गेली. काकांचा हात हवेतच राहिला. कुणाच्या पेशंटसाठी, हे विचारायची आमची कुणाचीच हिंमत होईना.

"जीता कौन?" ताऊंनी हळूच विचारलं.

"ग्रीक. पर ज्यादातर जहाज डूब गए. लौटे, बीवी-बच्चों को बिठाया और टापू छोड़कर चले गए."

"जीतके भी घर छोड़ दिया?"

"घरवाली तो साथ थी ना, भाई."



शेवटी दार उघडून डॉक्टर बाहेर आले. "मिसेस वानखेडे? ऑपरेशन अच्छा हुआ. होश में आ रही हैं. कोई एक मिल लीजिए."

काका ताडकन उठले. टरफलं फरशीवर विखुरली, त्यांना पत्ताही नाही. दारापर्यंत गेले आणि तसेच मागे फिरले.

"नेहा, आधी तू जा."

"मी? काकू तुमची वाट बघत असतील!"

"म्हणूनच." त्यांनी बाहीनं डोळे पुसले, ते थांबेनात. "तिनं मला रडताना कधी पाहिलेलं नाही गं. उगाच तिला वाटेल, आपल्याला काहीतरी गंभीर झालंय."