स्मरणशक्ती उत्तम असल्याचा दाखला

जपानमधल्या शिमानेच्या डोंगरातल्या मोतोकी कुटुंबात गाडी एकच, आणि ती चालवत सुमिएबाई. वय शहात्तर. नवरा तामोत्सू एक्याऐंशीचे; आठवड्यातून तीनदा त्यांना बावीस किलोमीटरवर डायलिसिसला न्यावं लागे. गावची बस केव्हाच बंद पडली होती. पंच्याहत्तरीनंतर परवाना टिकवायचा तर स्मरणशक्तीची परीक्षा देणे क्रमप्राप्त असते, म्हणून दोघं एकाच दिवशी कचेरीत हजर झाले. तामोत्सूंना गाडी चालवायची हौस नव्हती, पण पुरुषाच्या खिशात परवाना हवाच, असं त्यांचं ठाम मत.

परीक्षेत सोळा चित्रं दाखवतात आणि नंतर आठवायला सांगतात. चित्रांचे चारही संच पुस्तकांच्या दुकानात मिळतात. तामोत्सूंनी चौसष्ट चित्रं घोकली होती, ती सगळीच्या सगळी लिहून दिली. चुकीला गुण कापत नाहीत. सुमिएबाईंना पंधरा आठवली, पण ती त्याच दिवशी पाहिलेली.

तारखेच्या रकान्यात तामोत्सूंनी लिहिलं, शोवा शंभर. जुन्या सम्राटाचा हा शोवा शक संपून छत्तीस वर्षं झालेली, मधे आणखी एक शक येऊन गेलेला. तपासनीस निशिवाकींनी नम्रपणे शंका काढली. "माझं डोकं जाग्यावर आहे," तामोत्सू म्हणाले. निशिवाकींनी संगणक उघडला. तो जुना, आतून अजून शोवाच मोजणारा; त्यानंही शंभरच दाखवलं. पूर्ण गुण पडले.

शेवटी एक अर्ज भरायचा होता: आपली स्मरणशक्ती आपल्याला कशी वाटते? तामोत्सूंनी कागद फाटेपर्यंत 'उत्तम'वर खूण केली. सुमिएबाईंनी प्रामाणिकपणे 'कधी कधी विसरते'वर केली, आणि त्यांचा परवाना जमा झाला.

"अहो साहेब, पंधरा बरोबर आलीत माझी. डायलिसिसनंतर यांना भोवळ येते."

"गुणांचा प्रश्नच नाही, बाई. तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही, तर खात्यानं कसा ठेवायचा?"

"मग खोटं लिहिते. द्या अर्ज इकडे."

"आता कसं? आपण विसरतो हे तुमच्या पक्कं लक्षात आहे. हेच तर गंभीर."

सुमिएबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण शिक्का बसला होता.

सोमवारी डायलिसिस आटोपून तामोत्सू पांढऱ्याफटक चेहऱ्यानं गाडीत बसले. शेजारी सुमिएबाई, पट्टा दोन्ही हातांनी धरून.

"अहो, उजवीकडे वळा."

"मला शिकवू नकोस. रस्ता पाठ आहे," म्हणत त्यांनी गाडी डावीकडच्या एकेरी रस्त्यात घातली, समोरून येणाऱ्यांच्या वाटेत.

समोरून तुम्ही येत असाल तर घाबरू नका, त्यांच्याकडे दाखला आहे. आणि हसू येत असेल तर खुशाल हसा. तो अर्ज तुमच्या पुढ्यात आल्यावर तुम्ही कुठे खूण करणार, हे खात्याला आजच ठाऊक आहे.