सावळाराम आबांची जनजागृती

"लासुर्ण्यात स्वाइन फ्लू येतोय कसा, तेच बघतो!" असं म्हणत सावळाराम आबांनी आरोग्य उपकेंद्रातून माहितीपत्रकांचा गठ्ठा उचलला. त्यांची सून मोना सातव्या महिन्यात होती. गरोदर बाईला हा आजार फार जड जातो, असं आशा सेविका प्रगतीनं सांगितल्यापासून आबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"आबा, पत्रकं दारातनंच द्या," प्रगती म्हणाली.

"दारातनं वाटायला ती काय निवडणुकीच्या चिठ्ठ्या हायत?"

आबांनी ती लग्नपत्रिकेसारखी वाटली. घरोघरी मांडी ठोकून बसायचं, चहा घ्यायचा, अंगठा जिभेला लावून गठ्ठ्यातलं पत्रक सोडवायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. दुसऱ्या दिवसापासून अंगात कणकण होती, घसा खवखवत होता. पण गावासाठी फिरणाऱ्याला एवढा शीण येणारच!

"ताप, खोकला, घसादुखी असंल..." शेजारच्या गेणबाच्या घरी वाचताना आबांना अशी उबळ आली, की चुलीपाशी झोपलेलं मांजर पत्र्यावर गेलं. "...तर घरीच थांबा."

"आबा, खोकला तर तुमालाच हाय की!"

"तुज्यासारख्यांना सांगून सांगून घसा बसलाय. च्या आण!"

तीन दिवसांत त्रेचाळीस घरं झाली. चौथ्या दिवशी आबांनी अंथरूण धरलं. पाचव्या दिवशी गेणबा तापानं आडवा झाला आणि संध्याकाळी मोनाचं अंग फणफणलं. तिला धाप लागली, तसं मुलगा ज्ञानेशनं गाडी थेट बारामतीच्या दवाखान्याकडं काढली. स्वाइन फ्लूच निघाला. डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं.

इकडं प्रगती मास्क लावून, वही घेऊन आबांच्या दाराबाहेर उभी राहिली.

"आबा, आजारी असताना कुणाकुणाला भेटलात?"

आबा भिंतीकडं वळले. "जनजागृती झालेली समदी घरं लिव."

प्रगती वहीत एक ते त्रेचाळीस आकडे टाकू लागली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

दोन दिवस आबांनी फोन उशाशी ठेवला. वाजला, की पहिल्याच रिंगला उचलायचे. तिसऱ्या दिवशी मोनाचाच आवाज आला.

"आबा, ताप उतरला. बाळ चांगलं हलतंय."

आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "पोरी, हा आलोच बघ भेटायला!"

"न्हाय!" मोना, ज्ञानेश आणि कुणी नर्सबाई एकदमच ओरडले.

आबा पुन्हा अंथरुणावर टेकले. मग खोकला आला, तेव्हा त्यांनी फोनसुद्धा हातभर लांब धरला.