‘थांबवा’ या बटणाची चौकशी

किल्मेन नगरपालिकेच्या ठरावानुसार गावात नशिबाच्या यंत्रांना बंदी होती आणि कौशल्याच्या यंत्रांना परवानगी. दोन्हींतला फरक ठरावात दिलेला नव्हता. म्हणून दुकानदार ओलावारिया यांनी एम्पनाडांच्या, म्हणजे सारण भरलेल्या खाऱ्या करंज्यांच्या, काचपेटीशेजारच्या, नाणं टाकून चित्रांची तीन चाकं फिरवायच्या यंत्राला एक जादा बटण बसवून घेतलं. त्यावर लिहिलं होतं, ‘थांबवा’. चाकं कधी थांबवायची हे खेळणारा ठरवणार, म्हणजे कौशल्य आलंच.

बटण बसवलं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या नीवाल्दो कार्कामोने. ते आत कशालाही जोडलेलं नव्हतं. नाणं पडून चाकं हलायच्या आतच यंत्र निकाल ठरवून मोकळं होई; पुढचं फिरणं निव्वळ देखाव्याचं.

त्या यंत्रापुढे सर्वांत जास्त बसू लागली ती नीवाल्दोची आई, ओर्तेन्सिया. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला हात; नेमकं कधी दाबायचं ते आपल्याला बोटांत कळतं, असं ती शेजारणींना सांगे. खेळायच्या नाण्यांसाठी तिने शिवणयंत्र विकलं, तेव्हा नीवाल्दोला राहवलं नाही.

“आई, त्या बटणाला वायरच नाही गं. मीच बसवलंय ना.”

“तुझं काम नेहमीच अर्धवट,” ती शांतपणे म्हणाली. “तरी मला जमतंय, यातच काय ते समज.”

नीवाल्दोने नगरपालिकेत लेखी तक्रार दिली. तपासनीस प्रादेनासबाईंनी दुकानातच जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं. त्याने झाकण उघडून मोकळं बटण सगळ्यांना दाखवलं, नाणं टाकलं, आणि दाबून काही होत नाही हे पटावं म्हणून भलतीकडे बघत ते दाबलं.

रेघेवर ओळीने तीन चेरी लागल्या आणि बक्षिसाची नाणी खळखळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओर्तेन्सियाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराचा हात आपल्यावरच गेलाय म्हणाली.

हा योगायोग आहे, असं नीवाल्दो परोपरीने सांगू लागला.

“मग पुन्हा दाबा,” प्रादेनासबाई म्हणाल्या. “योगायोग असेल तर या वेळी लागणार नाही.”

त्याने दुसरं नाणं टाकून पुन्हा दाबलं. दोन चेरी लागल्या आणि तिसरी रेघेच्या केसभर वर थांबली. थोडक्यात हुकलं असं वाटावं म्हणून तिने वारंवार तिथेच थांबावं, ही आखणी कारखान्यातच होते, हे नीवाल्दोला पाठ होतं.

“जरा उशिरा दाबलं,” तो म्हणाला आणि खिशात नाणं शोधू लागला.

प्रादेनासबाईंनी यंत्राला कौशल्याचा दाखला तिथेच दिला. आता दुकानापुढे दोन रांगा लागतात. एक नेहमीच्या खेळणाऱ्यांची. दुसरी, आपण असतो तर पहिल्याच नाण्याला खेळ सोडून उठलो असतो, अशी खात्री असलेल्यांची. ती जास्त लांब आहे. तुम्ही तिच्याच टोकाला उभे राहा.